आठ दिवसांत पुसणारी खूण

"तुमचं पोट अर्धा तास मिळेल का?"

हॉस्पिटलच्या भर व्हरांड्यात कुणी अनोळखी तरुणाला असा प्रश्न विचारत नाही. पण सिस्टरवर वेळच तशी आली होती. समोरच्या माणसाच्या दोन्ही हातांवर इस्त्री केलेल्या एप्रनांचा नाकापर्यंत ढीग होता. ढिगावर फक्त दोन डोळे दिसत होते, आणि ते डोळे आता चांगले गोल झाले होते.

"पोट... माझं?"

"मग काय माझं? माझ्याच पोटावर शिकवायला गेले तर हात उलटा पडतो."

"भूल देणार का?"

"नाही हो. पेनानं एक खूण करायची, बस. बारा मुली बघतील."

"बारा?" ढीग थरथरला. "सिस्टर, मी शिंपी आहे. एप्रन पोचवायला आलोय."

"शिंप्याला पोट नसतं का?"

तिने ढीग बाकावर ठेवायला लावला आणि त्याला वर्गाकडे असे नेले, की बघणाऱ्याला वाटावे पळालेला पेशंटच सापडला आहे.

आता ही सिस्टर काय करत असे ते आधी सांगितले पाहिजे. कुणाच्या आतड्याला आजार होतो, नेहमीची वाट बंद होते, तेव्हा सर्जन आतड्याचे तोंड पोटावर काढून देतात. त्याला म्हणतात स्टोमा, आणि त्यावर पिशवी चिकटवतात. देव एक वाट बंद करतो तेव्हा दुसरी उघडतो म्हणतात ना? ती दुसरी वाट पोटावर नेमकी कुठे उघडायची, एवढे मात्र देवाने सिस्टरवर सोपवले होते. ऑपरेशनच्या आधी ती पेशंटला बसवायची, उठवायची, वाकवायची, आणि जिथे घडी पडत नाही, पट्टा रुतत नाही, अशी जागा शोधून खूण करायची. पुढे पिशवी बदलायला शिकवायची, जखमा धुवायची, आणि रडणाऱ्याला हसवायची.

या कामाचे खास प्रमाणपत्र तिने दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला मिळवले होते. ते पाच वर्षे चालते. ती पाच वर्षे आता दोन महिन्यांत संपत होती. नूतनीकरणाला तीन गोष्टी लागत. व्याख्यानांना हजेरी लावून झाली होती. नव्या मुलींचा एक वर्ग घ्यायचा, तो आज होता. पोट द्यायला कबूल झालेला रखवालदार आयत्या वेळी लाजून पळाला, म्हणून हा शिंपी. राहिली तिसरी गोष्ट, आणि घोडे तिथेच अडले होते. पिशवी सतत गळणारा, त्रासलेला एखादा पेशंट स्वतःच्या हातांनी बरा करून त्याची हकिकत लिहून पाठवायची होती.

पण सिस्टरने खूण केलेली पोटे बिघडतच नव्हती! तपासायला आलेल्या प्रत्येकाला ती मोठ्या आशेने विचारी, "काही गळतंय का हो?" आणि माणसे बिचारी ओशाळून म्हणत, "नाही हो ताई. माफ करा. एकदम छान चाललंय."

प्रमाणपत्र गेले की तिची नऊ नंबरची खोलीही जाणार, आणि खोली गेली की तिच्या पेशंटांना तीन तास प्रवास करून दुसऱ्या गावची नर्स गाठावी लागणार. मेट्रनबाईंनी सलाइनची दोन खोकी आधीच खोलीत सरकवून ठेवली होती, बसच्या सीटवर रुमाल टाकावा तशी.

तर वर्गात शिंपी टेबलावर आडवा झाला. शर्ट वर, डोळे छताकडे, कान लालबुंद. सिस्टरने बेंबीखाली बोटे टेकवली.

"हात गार आहेत तुमचे," तो हळूच म्हणाला.

"पेशंटनं बोलायचं नसतं."

"बरं." मग... "सिस्टर, आडव्यानं ठरवू नका. मला बसू द्या."

बारा माना वळल्या. सिस्टरचे पेन हवेत थांबले. नेमके हेच वाक्य ती पुढे म्हणणार होती.

"का बरं?"

"आडवा माणूस सपाट होतो. बसला की पोट खरं बोलतं. आम्ही पँटचं माप घेताना गिऱ्हाईक श्वास ओढून उभं राहतं ना, तेव्हा मी म्हणतो, जरा स्टुलावर बसा आणि घरचे कसे आहेत ते सांगा. मग खरी कंबर कळते."

मुली फिदीफिदी हसल्या. सिस्टर हसली नाही. पण तिने त्याला बसवला, उभा केला, वाकवला, आणि मग गुळगुळीत जागेवर एक छोटे काळे वर्तुळ काढून भरले.

"खऱ्या पेशंटला यावर पारदर्शक पट्टी लावतात," तिने मुलींना सांगितले, "म्हणजे ऑपरेशनपर्यंत खूण पुसत नाही. यांना कसलं ऑपरेशन? पट्टी नको. आठ दिवसांत जाईल."

शर्ट खोचता खोचता त्याने विचारले, "आणि कुणाची जागा चुकली असेल तर? रोज गळत असेल तर?"

सिस्टरचे डोळे चमकले. "आहे का कुणी?"

"ओळखीचे एक गृहस्थ आहेत..." तो घुटमळला. "पण ते नाही यायचे. आणि मला बोलायची बंदी आहे." एवढे म्हणून तो निघाला. एप्रन बाकावरच राहिले. ते न्यायला — म्हणजे द्यायला — त्याला परत यावे लागले.

त्यानंतर एक चमत्कार सुरू झाला. सिस्टरच्या एप्रनचे वरून दुसरे बटण तुटू लागले. एकदा तुटले, धाकटे मास्तर सुईदोरा घेऊन हजर. (त्याला सगळे धाकटे मास्तरच म्हणत, थोरले मास्तर म्हणजे त्याचे वडील, दुकान मूळचे त्यांचे.) चार दिवसांनी तेच बटण पुन्हा तुटले.

"तुमच्या दोऱ्यात काही दम नाही, मास्तर."

"दोरा चांगला आहे. तुम्ही श्वास फार जोरात घेता."

"मी? कधी?"

"आत्ताच घेतलात की."

तो खोक्यावर बसून बटण लावी आणि ती फायली चाळत राही. दोनची चार खोकी झाली तेव्हा त्याने काळजीने विचारले, "ही वाढताहेत का?"

"पाच झाली की मी बाहेर. अजून एक गळकं पोट मिळालं नाही मला. सगळी मेली सुखात आहेत."

त्याच्या बोटात सुई टोचली. सिस्टरला वाटले, याच्या पोटात काहीतरी आहे. पण ते तिच्या पेनाने सापडणारे नव्हते.

तीन आठवड्यांनंतर, एका रखरखीत दुपारी, नऊ नंबरच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. एवढ्या उन्हात गुडघ्यापर्यंत लांब कोट, आणि अत्तर इतके, की खोलीतल्या स्पिरिटने हार मानावी.

"सिस्टर तुम्हीच?" ते धापा टाकत होते. "माझ्या मुलाच्या ऑपरेशनचं तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"कुणाचं ऑपरेशन, आजोबा?"

"लपवू नका! त्याच्या पोटावर तुमची खूण आहे. मी ओळखतो ती. माझं ऑपरेशन परगावी, तातडीचं झालं, खूण करायला कुणाला सवड नव्हती. शेजारच्या खाटेवरच्याला मात्र अशीच केली होती. तो आता सायकल चालवतो, आणि मी दोन वर्षं खिडकीत बसून असतो." त्यांचा आवाज चिरकला. "माझं झालं ते झालं. पोराची जागा तरी नीट निवडा. घडीत नको, पट्ट्याखाली नको. मी शिंपी आहे, ताण कुठे पडतो ते मी दाखवतो तुम्हाला..."

दोन वर्षे उंबरठा न ओलांडलेला माणूस पोरासाठी भर उन्हात चालत आला होता. सिस्टरने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले.

"मास्तर, तुमचा मुलगा ठणठणीत आहे. ती वर्गापुरती खूण होती. आठ दिवसांत जाते."

"आठ? तीन आठवडे बघतोय मी! आंघोळ करून आला की दिसते. उलट जास्तच काळी व्हायला लागलीय!"

तेवढ्यात वडिलांना शोधत धाकटे मास्तर धावत आत आले, आणि दोघांच्या नजरा पाहून दारातच खिळले.

"पुढे या," सिस्टर म्हणाली. "शर्ट वर."

"आत्ता? बाबांसमोर?"

"वर!"

खूण होती. काळीभोर, ठसठशीत. पण तिच्या गोल वर्तुळाच्या कडेने आता बारीक बारीक रेघा होत्या, काजाला टाके घालतात तशा. ही नर्सची कारागिरी नव्हती.

"हे माझं पेन नाही."

"कपड्यावर खूण करायची पेन्सिल आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"रोज गिरवत होतास?" ती एकदम 'तू'वर आली, आणि ते दोघांच्याही लक्षात आले.

"रोज नाही... दिवसाआड."

"पण का?"

"पुसायला लागली, तर मला करमेना. आणि इथे यायला बटणाशिवाय निमित्त काय होतं? बटणं तरी किती सैल शिवायची माणसानं?"

सिस्टरने खरोखरच जोरात श्वास घेतला. वरून दुसरे बटण टपकन जमिनीवर पडले आणि गडगडत खोक्याखाली गेले.

"मूर्खा," थोरले मास्तर म्हणाले, "तुझ्या प्रेमापायी मी अर्धा मैल रडत आलो!" पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होते.

"बाबा, मी ह्यांना तुमचं कधीच सांगणार होतो. त्यांना गरज होती, तुम्हालाही होती. पण तुम्ही शपथ घातली होती."

"मीच घातली होती ना? मग सुटली म्हण." म्हाताऱ्याने कोटाची बटणे काढायला सुरुवात केली. "सिस्टर, आलोच आहे, तर बघा."

तिने मुलाला पडद्याबाहेर घालवले. मग हळुवार हाताने पिशवी काढली. खाली कातडी लालभडक, सोललेली. एका बाजूला घडी होती खरी, पण तेवढेच कारण नव्हते. पिशवीची चकती स्टोमाच्या मापाने कापून चिकटवायची असते, आणि त्यांच्या चकतीचे भोक स्टोमाच्या जवळजवळ दुप्पट होते.

"मास्तर, हे माप कधीचं?"

"ऑपरेशनच्या आठवड्यातलं. एक पुठ्ठ्याचा नमुना करून ठेवलाय, त्यावरच कापतो."

"स्टोमा तेव्हा सुजलेला असतो. दोन महिन्यांत आकसतो. पुन्हा माप नाही घेतलंत?"

म्हातारा भिंतीकडे बघत राहिला. "बघवत नाही मला तिकडे. चाचपडत लावतो."

"तुमच्या दुकानात दोन वर्षांपूर्वीच्या मापावर कुणी पँट शिवली तर?"

"कानफटात देईन!" ते उसळून म्हणाले. आणि मग त्यांना कळले. आधी ओठ थरथरले, मग हसू आले, मग डोळे भरले, आणि तिन्ही एकदम चालू राहिले. शेवटी त्यांनी कोटाच्या खिशातून आपली टेप काढली. "माप मी घेतो. तुम्ही लिहून घ्या."

त्यांनी खाली पाहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि माप अचूक घेतले.

सिस्टरने घडीत मऊ रिंग भरली, नव्या मापाने चकती कापली, कातडीवर पावडर लावली. पहिली पिशवी एक दिवस टिकली, दुसरी दोन. तिसरीच्या वेळी थोरले मास्तर हट्टाने म्हणाले, "मशीनवर बसून बघतो," आणि दिवसभर दुकानात बसून त्यांनी स्वतःसाठी उंच कमरेची पँट शिवली. पिशवी गळली नाही. अत्तरही नव्हते. सिस्टरने हकिकत लिहिली, सोबत तो जुना पुठ्ठ्याचा नमुना जोडला, आणि मुदत संपायला पाच दिवस असताना सगळे पाठवून दिले.

प्रमाणपत्र आले त्या दिवशी मेट्रनबाई स्वतः चारही खोकी हलवायला आल्या. "तुझी खोली जरा ओलसरच होती म्हणा सलाइनला," असे म्हणून त्यांनी पराभव पचवला.

संध्याकाळी सिस्टर लिफाफा घेऊन दुकानात गेली. आत खडूचा आणि गरम इस्त्रीचा वास होता. थोरले मास्तर मशीनवर, धाकटे कापडावर वाकलेले.

"झालं नूतनीकरण!" तिने कागद फडकावला. "आणखी पाच वर्षं."

"देव पावला!" थोरले म्हणाले. धाकटे मास्तर मात्र शर्टावर हात ठेवून उभे.

"माझी खूण पुसट झालीय," तो हळूच म्हणाला. "बाबांनी पेन्सिल लपवून ठेवलीय. म्हणतात, जे काही आहे ते तोंडानं सांग."

"मग सांग की."

"ते... तुमचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं." कात्री त्याने उगाचच उघडली, मिटली. "मला आयुष्यभराचं हवंय. दर पाच वर्षांनी परीक्षा घ्या हवी तर. मी नापास झालो तरी पुन्हा बसेन... दोनदा, तीनदा..."

मशीन थांबले होते. सिस्टरने पर्समधून पेन काढले, त्याचा हात हातात घेतला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी धावत होती तिथे, एक छोटे काळे वर्तुळ काढून भरले.

"हात अजून गारच आहेत तुमचे," तो म्हणाला.

"पेशंटनं बोलायचं नसतं."

मग तिने पारदर्शक पट्टीचा कागद सोलला आणि ती पट्टी खुणेवर अंगठ्याने सावकाश दाबून बसवली. "आता गिरवायला नको."

थोरल्या मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टीकडे निरखून पाहिले आणि गळ्यातली टेप काढली.

"सिस्टर, ही पट्टी ऑपरेशनची तारीख ठरल्यावरच लावतात ना? मग तारीख सांगा. आणि तू इकडे ये रे, स्टुलावर बस. कोटाचं माप घेतो... नवीन घेतो!"