पाणी थांबतं तो दगड

कुरवंड्याच्या डोंगरातून उतरलेली इंद्रायणी औंढ्याखालच्या भातखाचरांत ऐसपैस पसरते. तिथल्या सात घरांच्या वस्तीत मंगलचं घर सगळ्यात वरचं. तरी मे महिन्यात अबरार नावाचा तरुण सर्व्हेअर पूररेषा आखायला आला, तेव्हा तिच्या पाचावर धारण बसली. घर रेषेच्या आत सापडलं की वस्ती सोडायची, एवढंच तिला ठाऊक होतं.

पाणी कुठवर येतं, असं त्यानं विचारलं. तिनं उतारावरचे दगड दाखवले. पूर ओसरताना घरातल्या थोरल्या बाईनं पाण्याच्या शेवटच्या काठावर एक दगड ठेवायचा, ही वस्तीची रीत. तिची सासू आक्काबाई वर चंचीतला चुनाही लावायची. विळ्यानं तुटलेल्या अर्ध्या बोटानं.

अबरारनं एकेका दगडाची उंची घेतली. सासूबाई कधी गेल्या, हे त्यानं सहज विचारलं.

"तीन पावसाळं झालं. तवापासनं मी दगड ठिवलाच न्हाई. इसरलेच बगा."

तीन पावसाळ्यांचे तीन दगड मात्र जागेवर होते. बाया नावाच्या शेजारणीनं ठेवले असतील, असं मंगल म्हणाली. बायाला वाटत होतं, मंगलनंच ठेवले.

त्यांच्याही वर, उंबऱ्याच्या दोन हात खाली, चौथा होता. अबरारनं त्याला बोट लावलं. चुना ओला होता. यंदाचा पाऊस अजून यायचा होता.

त्यानं बोट पँटला पुसलं. तो दगड वहीत घेतला नाही.

"मावशी, तुमचं घर रेषेच्या बाहेर आहे. कुठंही जायचं नाही."

मंगलचा जीव भांड्यात पडला. तिनं त्याला आग्रह करकरून दोनदा चहा पाजला.

जुलैत नदी फुगली. मंगलनं बायाचं अख्खं बिऱ्हाड आपल्या ओट्यावर आणलं. बायाच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. मग ते उतार चढत आलं, चौथ्या दगडाला टेकलं आणि थांबलं. दुपारी ओसरायला लागलं.

"म्हातारी अजून राखण करतीया," बाया म्हणाली.

मंगलला हसू आलं आणि रडूही. घर वाचलं होतं, माणसं वाचली होती. निदान दगडाला हळद तरी वाहू, म्हणून ती डबा आणायला आत गेली.

चुलीशेजारी एक दगड होता.

कोरडा.

त्यावरचा चुना तेवढा ओला होता. अर्ध्या बोटानं लावलेला.