उसनं वारूळ

तो चुकूनच माझ्या खोलीत आला. त्याला जायचं होतं संपादकांकडे. पण जिन्याजवळचं पहिलं दार माझं. त्याच्या छत्रीचं पाणी माझ्या फायलींवर सांडलं. "सॉरी, सॉरी" म्हणत तो रुमालाने पुसायला लागला... आणि पुसता पुसता वर बघून हसला. झालं! माझं कामातलं लक्ष तिथेच उडालं.

माझं काम म्हणजे आमच्या संशोधन-पत्रिकेत येणाऱ्या लेखांतली चित्रं आणि तक्ते तपासायचे. चित्र दुसऱ्याचं असेल तर खाली त्याचं नाव हवं, आणि त्याची परवानगीही हवी. याचा लेख होता वाळवीवर. त्यात वारुळाचा उभा छेद दाखवणारं एक देखणं चित्र होतं, पण खाली कुणाचंच नाव नव्हतं.

"हे तुम्ही काढलंत?"

"छे! माझ्या मैत्रिणीचं आहे, तिच्या प्रबंधातलं. काय सुरेख हात आहे ना तिचा?"

मैत्रीण. वर हातही सुरेख! मी चित्राभोवती पेन्सिलीने असा काही गोल केला, की कागद फाटायचाच राहिला.

"नुसतं नाव लिहून भागणार नाही. त्यांची लेखी परवानगी आणा."

मग तो दर आठवड्याला यायला लागला. "अजून नाही आली," म्हणायचा आणि समोरच्या खुर्चीत बसायचा. वाळवी आंधळी असून एवढं मोठं घर कसं बांधते, ते सांगता सांगता माझा चहा थंड करायचा. मी ऐकत विरघळत असायचे... की मध्येच "हे तिनेच मला पहिल्यांदा दाखवलं" असं काहीतरी यायचं, आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं. घरी ताईला सांगितलं, तर ती खो-खो हसली. "अगं, वारुळावर कसली जळतेस!"

वारुळावर नाही, वारूळसुंदरीवर! एक सही करायला बाईंना एवढा वेळ लागतो? की याला मुद्दाम ताटकळत ठेवायचंय? आणि हाही काय तिची वाट बघत बसतो!

शेवटी मीच एक वारूळ काढलं. "हे घ्या. उसनवारीची गरजच नाही."

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे... वारूळ आहे?"

"नाही, माझं कपाळ!"

तो इतका हसला, की मलाही हसू आवरेना. पण लेखात चित्र तिचंच राहिलं.

अंक छपाईला जायच्या दिवशी संपादक दारात आले. "परवानगी नसेल तर लेख गळाला. बिचाऱ्याची एवढी मेहनत... तुम्हीच त्या बाईंना फोन लावून बघा."

खोटं कशाला बोलू — क्षणभर वाटलं, नाहीच लावायचा. लेख गेला तर तिचं चित्रही जाईल! मग त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि मी मुकाट्याने फोन लावला.

आवाज गोड होता. तोही असायलाच हवा होता का?

"परवानगी? ती तर त्याने मागितली त्याच दिवशी दिली मी! तुम्हाला नाही मिळाली?" ती थांबली, आणि एकदम हसायला लागली. "म्हणजे त्या कडक मॅडम तुम्हीच का?"

"कडक?... अजून काय म्हणाला तो?"

"ते त्यालाच विचारा."

दुपारी तो आला. नेहमीसारखा बसायला गेला, तर मी खुर्चीच ओढून घेतली.

"परवानगी कुठे आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "बॅगेत," तो हळूच म्हणाला. "आज द्यायलाच आलो होतो."

"आणि इतके दिवस? लेख हातचा गेला असता!"

"पण आधीच दिली असती, तर मी इथे कशाला आलो असतो? दर वेळी ठरवायचो, आज सांगायचंच... तुम्ही अशा रोखून बघता, की सगळं घशातच अडकतं."

"आणि मी इकडे जळून खाक होत होते, त्याचं काय?"

"जळत होतात? कुणावर?"

"वाळवीवर!"

त्याचे कान लाल झाले. तो टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "आता लेख तर छापला जाणार. मग मी काय सांगून येऊ?"

"काही सांगू नकोस. नुसता ये." मी ओढून घेतलेली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "फक्त एक सांग... दिसायला कशी आहे रे ती?"

"ती ना..." म्हणत तो आठवायला लागला, अगदी मन लावून.

"आठवू नकोस!" मी ओरडले, आणि त्याचा हात घट्ट धरून ठेवला.