शांततेचा तुकडा

सिनेमात शांतता आपोआप येत नाही, ती रेकॉर्ड करावी लागते. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे. शूटिंग संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, खोकायचं नाही, चुळबुळ करायची नाही, आणि माइकने त्या नुसत्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे संवादांमधल्या फटी ह्याच शांततेने भरतात. नाहीतर पडद्यावरचं माणूस बोलायचं थांबलं की ऐकणाऱ्याला पायाखालची पायरी चुकल्यासारखं होतं. विद्यार्थ्यांच्या चित्रपट महोत्सवात पहिल्याच सकाळी सरांनी हे शिकवलं आणि कार्यशाळेतल्या यच्चयावत मुलांनी माना डोलावल्या. डोलावलेल्या मानांवर कधी विश्वास ठेवू नये.

महोत्सव भरला होता एका बंद पडलेल्या स्टुडिओत. खाली छोटं थिएटर आणि वर डबिंगची खोली. तिथे एके काळी पडद्यावर ओठ हलवायचं एक माणूस आणि माइकसमोर बोलायचं दुसरंच. त्या खोलीच्या भिंतींना जाड कापड होतं आणि दारं एकामागे एक दोन. आतलं दार लागलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं नाहीसं व्हायचं. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत मिट्ट काळोख. जुन्या गालिच्याचा कोंदट वास आणि त्यात मधूनच, कुणीतरी नुकतीच चघळल्यासारखा, लवंगेचा. ही खोली कुणालाच नको होती, म्हणून ती बफरिंगने शूटिंगसाठी मागून घेतली.

बफरिंग हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती बोलताना अडखळायची. वाक्य मनात तयार असायचं, जिभेवर यायचं आणि पहिल्याच अक्षरापाशी अडकून बसायचं. कॉलेजात कुणा शहाण्याने, मोबाइलवर मधेच अडकणाऱ्या व्हिडिओवरून, तिचं नाव बफरिंग ठेवलं. त्या दिवशी ती घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाव टी-शर्टवर ठळक छापून वर्गात आली. चिडवणाऱ्यांची सगळी मजाच गेली. अशी ती पोरगी.

अडखळण्याचा तिला राग नव्हता, त्याची सवय झाली होती. राग होता तो तिची वाक्यं पूर्ण करणाऱ्यांचा. दुकानदार करायचे, मैत्रिणी करायच्या, लग्नकार्यात भेटणारे लांबचे काका तर हौसेने करायचे. आणि सगळ्यांच्या पुढे आई. आईचं ते प्रेमापोटी, पण बऱ्याचदा चुकीचं. लेकीला हवं असायचं एक, आई वाक्य पुरं करून ताटात वाढायची दुसरंच, आणि लेक मुकाट्याने तेच गिळायची. इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिने ह्या एका छोट्या सिनेमात ओतलं होतं. एक मुलगी किल्लीवाल्याकडे जाते. तिला घराची दुसरी किल्ली बनवून हवी असते. ती "दु... दु..." करत राहते आणि किल्लीवाला तिला बोलूच देत नाही. "दुकानाची? दुचाकीची?" असं आपणच ठरवून भलतीच किल्ली बनवून देतो. मुलगी ती किल्ली परत ठेवते आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करते. शेवटापर्यंत बोलते. बस, एवढाच सिनेमा. मुलगी ती स्वतः, किल्लीवाला वर्गातला लंबू, आणि कॅमेऱ्यामागे वर्गातलाच एक दाढीवाला, ज्याला सगळे दाढीच म्हणायचे.

"काम झकास करतेस," सर म्हणाले होते, "पण आवाज दुसऱ्या कुणाचा घेऊ या का? प्रेक्षक कंटाळतील गं."

"कं... कंटाळू देत."

सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

शूटिंग दुपारी आटोपलं. संध्याकाळी खाली थिएटरात खेळ, तिची आईसुद्धा येणार, तेव्हा सगळीच घाई. शांतता रेकॉर्ड करायची म्हणून तिघं आपापल्या जागी खांबासारखे उभे राहिले. सुरुवात बरी झाली, आणि मग लंबूला शिंक आली. साधीसुधी नव्हे, सरबत्तीच. शांततेचा चांगला असा अगदी छोटा तुकडा हाती लागला.

"परत घेऊ," दाढी म्हणाला.

"वे... वेळ नाही. पु... पुरवते."

आणि तिने ती चूक केली, जी फक्त ह्याच धंद्यातलं माणूस करू शकतं. तो चिमुकला तुकडा कॉम्प्युटरवर एकापुढे एक चिकटवत गेली आणि सबंध सिनेमाच्या खाली अंथरला. हेडफोन लावून ऐकताना तिच्या लक्षात आलं, की तुकड्याच्या अगदी शेवटी कुणीतरी श्वास घेतलाय. नुसता श्वास नव्हे. बोलायला तोंड उघडण्याआधी माणूस घेतं तसा, भरून.

"तू घे... घेतलास?"

"छे. मी तर जीव मुठीत धरून उभा होतो." दाढीने लंबूकडे बघितलं. लंबूने नाक पुसत नाही म्हणून मान हलवली.

असेल कुणाचा तरी, म्हणून तिने सोडून दिलं. पण ज्याने एकदाच श्वास घेतला होता त्याला तिने आता सिनेमाभर पुन्हा पुन्हा श्वास घ्यायला लावलं होतं. दर वेळी बोलायची एक नवी संधी. पहिल्या काही वेळा नुसता श्वास आला. मग त्यामागून ओठ विलग झाल्याचा बारीक आवाज. मग घशातला हुंकार. बफरिंग खुर्चीत ताठ झाली, कारण तुकडा तोच होता, तो बदलायला नको होता. पडद्यावर तिचा स्वतःचा चेहरा "दु" वर अडकला होता, मानेची शीर ताणलेली, आणि हेडफोनमधून एक मऊ, रेशमी, न अडखळणारा बाईचा आवाज म्हणाला, "दुसरी किल्ली बनवून हवी आहे."

तिने हेडफोन ओरबाडून काढला. दाढीने आवाज स्पीकरवर लावला, आणि नेमके सर आत आले. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि दाराची कडी धरूनच उभे राहिले.

"हा आवाज कुठून आणलास?"

"आ... आणला नाही. आ... आला."

सर खाली बसले. तरुणपणी ते ह्याच स्टुडिओत मदतनीस होते. इथे एक बाई यायच्या, म्हणाले. लवंग चघळत. नट्या कितीही आल्या न् गेल्या, आवाज ह्यांचाच असायचा. नाव मात्र पडद्यावर कधी आलं नाही.

"त्या ह्याच खोलीत गेल्या... काम चालू असताना. आम्हाला कळलं ते दिवे लावल्यावर. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय." सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पण रिळाच्या शेवटपर्यंत आवाज आला होता गं... मी स्वतः ऐकलाय."

दाढीने स्पीकर बंद केला.

"आज दाखवू नकोस," सर हलकेच म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. सिनेमा मागे घे."

"ना... नाही."

"अगं, समजून घे..."

"स... समजलं. त... तरी नाही."

तिने तो शांततेचा तुकडा सगळीकडून पुसून टाकला. फटी राहिल्या तर राहू देत. पोरांना खाली पाठवलं आणि एकदा शेवटचं तपासायला म्हणून एकटीच बसली. हेडफोन कानाला लावला. आता संवादांखाली काहीच नव्हतं, कोरं. त्या कोऱ्यात लवंगेचा वास आधी आला, आणि मग अगदी कानाच्या पाळीशी आवाज.

"किती दमतेस... राहू दे. मी बोलते."

भीती वाटली का? वाटली तर! पण तो सूर तिच्या ओळखीचा होता. राहू दे, मी बोलते. जन्मभर हेच तर ऐकत आली होती, आणि जे जिवंत माणसांकडून ऐकूनच ती विटली होती ते हिच्याकडून काय म्हणून ऐकायचं? भीतीच्या वर राग चढला.

"बाई," ती काळोखाला म्हणाली, "तु... तुम्हाला तुमचं वाक्य क... कधी मिळालं नाही. वा... वाईट झालं. खरंच. प... पण हे मा... माझं आहे."

पलीकडे श्वास घेतला गेला, भरून.

संध्याकाळी थिएटर गच्च भरलं. आई दुसऱ्या रांगेत, चांगली साडी नेसून. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. पडद्यावरची मुलगी काउंटरपाशी आली, तोंड उघडलं, आणि थिएटरच्या चारही कोपऱ्यांतून तो रेशमी आवाज आला. "मला घराची दुसरी किल्ली बनवून हवी आहे." ओठ अजून "म" वरच मिटलेले. लोकांना वाटलं काही कलात्मक असेल. आई मात्र शेजारणीचा हात धरून म्हणाली, "बघा, बघा, किती सरळ बोलतेय माझी पोर!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बफरिंगच्या काळजात कळ उठली ती तेव्हा. भुतापेक्षा ह्या आनंदाने तिला जास्त मारलं.

ती उठली. लोकांचे पाय तुडवत पुढे गेली आणि पडद्यासमोर, प्रोजेक्टरच्या झोतात उभी राहिली. तिच्या अंगावर तिचाच मोठा चेहरा हलत होता.

"म... म... मला..."

"दुसरी किल्ली हवी आहे," स्पीकर म्हणाले.

"म... मला घ... घ..."

"घराची," स्पीकर म्हणाले. जरा घाईने.

ती थांबली नाही. आवाज पुढे गेला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. घामाने टी-शर्ट पाठीला चिकटला. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. पडद्यावरचा लंबू भलत्याच किल्ल्या घासत होता. आणि असं कितीतरी वेळा झाल्यावर स्पीकरमधून नुसता श्वास आला, घेतलेला आणि तसाच धरून ठेवलेला. त्या धरलेल्या श्वासात, सबंध थिएटर गप्प असताना, ती बोलली. "म... मला घ... घराची दु... दु... दुसरी कि... किल्ली ब... बनवून हवी आहे." मधे कुणी बोललं नाही. एकही माणूस नाही. टाळ्या पडल्या त्या बऱ्याच उशिराने, पण पडल्या.

घरी आल्यावर आई दारात चपला काढताना म्हणाली, "चुकलंच माझं इतकी वर्षं. आता तू बोल, मी थांबेन. कितीही वेळ लागू दे."

बफरिंगला इतकं बरं वाटलं की ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत अंग टाकून बसली. घशाला कोरड पडली होती. आई पाठमोरी, ओट्याशी. बफरिंगने पाणी मागायला ओठ आवळले आणि "प" वर अडकली. आईने वळून पाहिलं नाही, मदतही केली नाही. कबूल केल्याप्रमाणे थांबून राहिली.

"पाणी दे ना, आई."

आई झर्रकन वळली. चेहरा आनंदाने फुललेला. भरलेला पेला तिने लेकीपुढे ठेवला. "अगंबाई! सुटलीस की गं तू! एकदाही अडखळली नाहीस!"

बफरिंगचे ओठ अजून घट्ट मिटलेले होते.

स्वयंपाकघरात लवंगेचा वास पसरत होता. तिने आईच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या खांद्यामागच्या रिकाम्या जागेकडे. घसा सुकून लाकूड झाला होता, तरी तिने पेला दूर सरकवला, खुर्चीत सरळ बसली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"प..."