चौदा देवींची नजर

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. आसावरीला खरं तर शेजारच्या कारखान्यात जायचं होतं. पण हमरापुरात सगळ्या शेड सारख्याच, सगळ्यांच्या दारात गणपती वाळत ठेवलेले. ती चुकून मूर्तिकार आदेशच्या शेडमध्ये शिरली आणि म्हणाली, “मला चौदा देवी हव्यात.”

“इथं गणपती मिळतात, मॅडम.”

“मुखवटे हो! नाचताना घालायचे... हलके, कागदाच्या लगद्याचे.” आणि हलके म्हणजे किती ते कळावं म्हणून तिने मूर्तींच्या रांगांमधूनच एक गिरकी घेतली. एकाही सोंडेला धक्का लागला नाही.

“करतो,” आदेश म्हणाला.

त्याची आत्या कृष्णाबाई मागून बोललीच, “हंगामात दुसरं काम नाय घ्यायचा, असं परवाच बोललास ना रं?”

आसावरी रोह्याच्या मास्तरांची मुलगी. दहा वर्षं मुंबईत नाच बसवत होती, आधी नाटकांत, मग चित्रपटांत. त्या वर्षी गावातल्या चौदा मुलींना नदीदेवी बनवून ती कुंडलिका नदीवर बॅले करत होती. आदेश मुलींच्या चेहऱ्यांची मापं घ्यायला रोह्याला गेला. काम एका दिवसाचं. तो पाच रविवार गेला.

आसावरी मुलींसमोर जमिनीवर मांडी घालून बसायची, गुडघ्यावर ताल धरायची, मध्येच ओरडायची, “सुरभी, तू नदी आहेस, एसटी नाहीस! वळताना ब्रेक कशाला मारतेस?”

एकदा चहा देताना तिने विचारलं, “बघून बघून कंटाळा नाही येत तुम्हाला?”

“माझी माणसं हलत नाहीत, मॅडम. म्हणून बघतो.”

ती हसली... आणि आदेशला पुढच्या रविवारची घाई झाली.

प्रयोगाला चार दिवस उरले असताना मुलींनी मुखवटे घातले. आसावरी हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, “आदेश! सगळ्या देवी झोपल्यात!”

खरंच, चौदाही देवी खाली बघत होत्या. घरात गणपती उंचावर बसतो आणि पूजा करणारा खाली, पाटावर. म्हणून डोळ्यांची आखणी करताना नजर जरा खाली वळवायची असते. स्टेजसमोर मात्र लोक पार मागेपर्यंत बसणार होते.

“सवयीनं झालं?” तिने जवळ येऊन विचारलं. नजर त्याच्यावरच होती.

“व्हय... सवयच ती.” एवढं बोलून तो मुखवटे गोळा करायला लागला.

तीन दिवसांत त्याने अठ्ठावीस डोळे पुन्हा आखले. प्रयोग छान झाला. लोक निघून गेले, आणि ती हॉलच्या पायऱ्यांवर त्याच्याशेजारी येऊन बसली.

“परवा हैदराबादला चाललेय. चित्रपटाचं काम आहे, चार महिने.”

“बरं.”

“बरं? एवढंच?”

“मुखवटे... कुठं ठेवायचे?”

“आदेश, शूटिंगला माणूस चुकला तर मी दहादा करून घेते. इथं एकदाच विचारणार हं. काही बोलायचंय?”

“ती सवय नव्हती,” तो म्हणाला. “आखताना समोर तुम्हीच दिसायचात... खाली, मांडी घालून. चौदाही वेळा.”

ती हळूच म्हणाली, “मग पुन्हा का आखून दिलेस?”

“तुमचा खेळ होता ना. तो पडला असता.”

“तुझा, म्हण. आणि चार महिने थांबशील?”

“मी कुठं जातोय गो? गणपती खोळंबलेत माझे.”

तुळशीची लग्नं लागली आणि मागोमाग यांचंही. ती काम सोडणार नाही, हे त्याने न विचारताच धरलं होतं. अजूनही ती महिना महिना बाहेर असते. फोनवर त्याला नवा नाच सांगते. तो शेडला आतून कडी लावतो, कृष्णाबाई नाही ना ते बघतो आणि एकटाच पावलं टाकतो.

“डावा पाय चुकला ना?” ती तिकडून विचारते.

“तुला कसं कळलं?”

“श्वास अडला तुझा,” ती म्हणते. “चल... पुन्हा कर. मी आहे.”