रुमैथियातली बोरं

“आई गं...!”

कुवेतमध्ये, रुमैथियाच्या गल्लीत, भिंतीपलीकडून अशी अस्सल मराठी किंकाळी ऐकू आली, तर कोण गच्चीवरून वाकून बघणार नाही? कुसुममावशीकडे राहणाऱ्या प्रणिताने बघितलं. घरमालकीण शरीफाखालांच्या बोरीची फांदी भिंतीबाहेर झुकलेली, आणि तिला लटकलेला इस्त्रीच्या शर्टातला चोर!

“अहो, विचारल्याशिवाय काही न्यायचं नसतं, घरी शिकवलं नाही का?”

“शिकवलं की,” मनगटातला काटा उपसत तो म्हणाला, “पण विचारायला कुणी दिसलंच नाही. आत्ता दिसतंय...”

मेला! पहिल्याच भेटीत! प्रणिता चिडली म्हणावं, तर ओंजळभर बोरं घेऊन खाली कशाला गेली असती?

परीक्षित नाशिकचा. नोकरी मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या रिफायनरीत, जीव मात्र इटलीत. त्याच्या इटालियन साहेबाचा भाऊ तिकडच्या डोंगरगावात हौसेने बिअर बनवायचा. जव गावातले, चेस्टनट गावातले, मधसुद्धा गावातलाच. परीक्षितही बिअर बनवायचंच शिकला होता. साहेबाच्या भावाने त्याला तिकडे बोलावलं होतं, ‘येताना तुझ्या चवीचं काहीतरी आण,’ म्हणून.

कुवेतमध्ये बिअरचं नाव काढायची सोय नाही. म्हणून तो जव उकळून त्यात बोरं कुस्करायचा आणि दर शुक्रवारी थर्मास घेऊन बोरीखाली हजर!

“कशी झालीय?”

“काढ्यासारखी,” प्रणिता नाक मुरडायची, आणि पेला पुढे करायची. समुद्राकडून वारा यायचा, पिकल्या बोरांचा वास दाटायचा, बोलता बोलता संध्याकाळ कधी उतरायची ते कळायचंच नाही. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, तेही नाही.

तो इटलीला निघाला त्या दिवशी तिने गच्चीवर वाळवलेल्या बोरांचं बोरकूट बरणीत भरून दिलं. आता बोलेल... आता बोलेल... तो म्हणाला, “येतो.” बस्स! गाडी वळली तशी प्रणिता जिन्यात बसून ढसाढसा रडली.

उन्हाळा सरला. बोरी पुन्हा लगडली, आणि एका शुक्रवारी दारावरची घंटा वाजली.

तो. हात पाठीमागे बांधून उभा.

“साहेबाच्या भावाने बोरकूट चाटलं, डोळे मिटले,” परीक्षित म्हणाला. “पण बिअरमध्ये घालू देईना. म्हणाला, गावात पिकतं तेच पडणार.”

“म्हणून बरणी परत करायला आलास?”

“बरणी कधीच संपली. रोज एक चिमूट खायचो... आठवण बोरांची नव्हतीच, प्रणिता. तुझी होती. जाताना बोलायची छाती झाली नाही.” त्याने हात पुढे केले. रिकामे. “आज फांदीला हात लावलेला नाही. विचारल्याशिवाय काही न्यायचं नसतं ना? म्हणून विचारायला आलोय. माझ्याबरोबर येशील?”

गच्चीवरून कुसुममावशीचा आवाज आला, “अगं, बोल की बाई! भाजी करपतेय माझी!”

प्रणिता “हो” म्हणाली. इतकं हळू, की परीक्षितला पुन्हा विचारावं लागलं.