पुढची डावी सीट

आधीच सांगतो, मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. दिवसभर हात ऑईलमध्ये, असल्या गोष्टींना वेळ कुणाला? पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

मागच्या महिन्यातला रविवार. दिवस मावळत आलेला. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती.

माझा मावसभाऊ दादासो नुकतीच घेतलेली जुनी गाडी घेऊन आला. सोबत सारजावहिनी, आठवा महिना. त्यांना बाळंतपणासाठी इंदापूरकडं, वरकुट्याला माहेरी सोडायचं होतं. वाटेतच इंजिनचा पिवळा दिवा लागला.

मी स्टेअरिंगखाली बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडला. बिघाड किरकोळ होता, वायर सैल. ती घट्ट केली. मग सवयीनं सगळी गाडी तपासायला घेतली.

पुढच्या डाव्या सीटच्या पट्ट्याच्या खाचेत खोटी क्लिप अडकवलेली. पट्टा न लावता गाडी वाजू नये म्हणून आपल्याकडं सगळेच अडकवतात.

"दाद्या, पोटुशी बाई बसणार हितं, आन् तू क्लिप लावतोस?" मी ती उपटून फेकली.

टिंग... टिंग... टिंग...

सीटवर कुणीच नव्हतं. वहिनी बाहेर खुर्चीवर चहा पीत होत्या.

स्कॅनर दाखवत होता... सीटवर माणूस आहे. पट्टा नाही.

"सेन्सर गेला आसंल," दादासो म्हणाला.

मी सीटखालची सेन्सरची वायरच काढून हातात घेतली.

तरीही... टिंग... टिंग...

"वहिनी, जरा बसता का हितं?"

त्या बसल्या.

आवाज बंद.

स्कॅनरवर... सीट रिकामी.

"भावजी, हितं लई गार लागतंय ओ," वहिनी पोटावर हात ठेवून म्हणाल्या.

"उतरा! आदी खाली उतरा!"

त्या उतरल्या.

टिंग... टिंग...

वहिनींना मी माझ्या गाडीत घेतलं.

दादासो हसायला लागला. "येड्या, मिकॅनिक हायस का देवऋषी?"

तो एकटा माझ्या मागून येत राहिला.

वरकुट्यात वहिनींच्या आईनं, सिंधुबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायावर पाणी घातलं. वहिनी आत गेल्या. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात दादासोची गाडी वळली. काचा खाली होत्या, आवाज मला अंगणातून ऐकू येत होता.

टिंग... टिंग...

गाडी दारासमोर थांबली.

इंजिन चालूच होतं. दादासोनं दारही उघडलं नव्हतं.

आणि आवाज थांबला.

मी धावत जाऊन सोबत आणलेला स्कॅनर जोडला. सीट रिकामी.

"बघ, झाली का न्हाय आपोआप बरी?" दादासो खूश.

घरातून वहिनींचा आवाज आला...

"आई, दार लाव की गं. लई गार लागतंय."

"लावलंय की बाई कवाच," सिंधुबाई म्हणाल्या.

आता वहिनींना नववा लागलाय. दादासोला सांगून बघितलं, तो हसण्यावारी नेतो. काल मीच वहिनींना फोन केला. तब्येत बरी आहे म्हणाल्या, फक्त दोन गोधड्या घेऊनही ऊब येत नाही.

त्यांना काय सांगू, तेच मला कळत नाहीये.