धीराचा पेपर

शरयू बिराजदार रोज सकाळी दात घासायच्या आधी एका माणसाला धीर देत असे. माणूस म्हणजे नुसतं डोकं आणि खांदे, तेही टेबलाला स्क्रूने आवळलेले. पण त्याची कातडी कोमट होती, जिभेला ओल होती आणि शरयूने आरसा-चिमटा उचलला की त्याच्या डोळ्यांत भीती उतरायची. "घाबरू नका, मी आहे," ती म्हणायची. मग तो हळूहळू शांत व्हायचा आणि आ करायचा.

त्याचं कागदोपत्री नाव 'प्रतिरुग्ण'. मिरजेत दंतवैद्यकाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या खोल्याखोल्यांतून अशी डोकी भाड्याने आणलेली होती आणि पोरं त्यांना सरसकट 'काका' म्हणत. शरयूने काकांना खोलीवर आणलं त्याच संध्याकाळी पुरुषाचं विव्हळणं ऐकून घरमालकीण मगदूम बाई हातात लेझीम घेऊन जिना चढून आल्या होत्या. बाई निवृत्त पी.टी. शिक्षिका. दार ढकलून त्यांनी टेबलावरच्या डोक्याकडे पाहिलं, "एवढाच हाय व्हय?" म्हणाल्या आणि आल्या तशा खाली गेल्या. त्यानंतर त्या दोघींत फारसं बोलणं असं झालंच नव्हतं.

दातांच्या दवाखान्यातली कारागिरी आता माणसाकडे उरली नव्हती. कीड कोरणं, नस काढणं, दाढ उपटणं, सगळं यंत्रहस्त करत. त्यांचा हात कापत नसे आणि त्यांना जेवायची सुट्टी लागत नसे. अडचण एवढीच, की तो पोलादी हात तोंडाकडे येताना पाहून निम्मे लोक खुर्चीतून उठून घरी जात. त्यांना बसवून ठेवायला माणूसच लागायचा. म्हणून डॉक्टर राहिले, आणि म्हणूनच प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र-रसायनाच्या जोडीला आणखी एक पेपर आला. समोर अनोळखी प्रतिरुग्ण बसवायचा आणि त्याची भीती किती उतरते ते मोजायचं. श्वास, नाडी आणि आवाजातला कंप यांवरून यंत्र एक आकडा काढी, त्याला 'भयांक' म्हणत. आकडा चढला की दिवा लाल, उतरला की पिवळा, मग हिरवा. पोरांच्या भाषेत हा धीराचा पेपर.

जीवशास्त्रात शरयूला वरचे गुण होते. धीराच्या पेपरात ती सपशेल आपटली होती. घरच्या काकांना तिचा आवाज ओळखीचा झाला होता, परीक्षेतल्या काकांना ती परकी होती. त्यात तिने त्यांना सरळ खरं सांगून टाकलं, "थोडं दुखेल. दुखलं की हात वर करा, मी थांबेन." त्या काकांना हातच नव्हते. पर्यवेक्षकांना हसू आवरेना, आणि 'दुखेल' या शब्दाला लाल झालेला दिवा शेवटपर्यंत लालच राहिला.

फेरपरीक्षेला नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस होता, मुदत संध्याकाळपर्यंतची. आई जतला ब्युटी पार्लर चालवायची. सकाळी तिचा फोन येऊन गेला. "तुझं तू ठरव गं, आम्ही पाठीशी आहोतच." बाबांचंही तेच. प्रवेश मिळालेल्या मैत्रिणी आपापल्या कॉलेजांच्या गावी निघून गेल्या होत्या आणि त्यांचा ग्रुप कधीच गार पडला होता. तुझं तू ठरव, या वाक्यात किती एकटेपणा असतो हे ते म्हणणाऱ्याला कळत नाही. अख्ख्या दिवसात शरयूचा आवाज ऐकणारा एकच जण होता, आणि तो भाड्याचा होता.

ठाम मत होतं ते फक्त क्लासच्या कुरणे सरांचं. "लय पाठ कर, पास होशील." क्लासने जुन्या परीक्षांची हजारो ध्वनिमुद्रणं चाळून काही ठरावीक वाक्यं शोधली होती. ती ठरावीक ठिकाणी थांबत, ठरावीक चढउतारात म्हटली, की कुठलाही प्रतिरुग्ण हिरवा होत असे. क्लासमध्ये यालाच 'लय' म्हणत. 'छान. अगदी छान. श्वास घ्या... आणि सोडा.' पास होणारे बहुतेक जण हीच लय म्हणून पास होत. शरयूने ती पाठ केली नव्हती. यंत्राची खुशामत करून डॉक्टर कशाला व्हायचं, असं तिला वाटायचं. आता ती आणि तिचा तो ताठा, दोघंच खोलीत उरली होती.

दुपारी दारावर थाप पडली. मगदूम बाई उभ्या होत्या. एक गाल सुजून टम्म झालेला.

"चल माझ्यासंगं दवाखान्यात. तू त्यातलंच शिकालीस न्हवं?"

"बाई, मी नापास झालेय."

"मग? मी काय तुला दाढ काढ म्हणालेय व्हय? नुसती उभी ऱ्हा बाजूला."

शरयूने चप्पल घातली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. कुणीतरी तिला कुठेतरी चल म्हटलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर ऋजुता खाडे वयाने शरयूपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. बाई खुर्चीत ताठ बसल्या. उशाशी बसवलेल्या भयांक-यंत्राचा दिवा लाल झाला. डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं आणि मऊ आवाजात सुरुवात केली, "छान. अगदी छान. श्वास घ्या..."

शरयू चपापली. हीच ती लय. थांबणंसुद्धा जिथल्या तिथे.

दिवा पिवळा झाला आणि बघता बघता हिरवा. बधिर करायची सुई टोचून झाली. यंत्रहस्त खाली येऊ लागला. तेवढ्यात बाईंनी चाचपडत शरयूचा हात शोधला आणि असा आवळला, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंचा तळवा घामाने भिजला होता. चेहरा मात्र दगडासारखा.

"थांबवा," शरयू म्हणाली. "त्या घाबरल्यात."

डॉक्टरांनी दिव्याकडे बोट केलं. "हिरवा आहे."

"हात बघा त्यांचा."

यंत्रहस्त अधांतरी थांबला. शरयू खाली वाकली. "बाई, भीती वाटतेय?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग पोरींना आयुष्यभर शिस्त लावलेली ती बाई लहान मुलीसारखी रडायला लागली. दिवा तत्काळ लाल झाला.

तेव्हा शरयूच्या लक्षात आलं. लय ऐकली की श्वास संथ होतो, श्वासामागून नाडी येते, आवाज बंद होतो. यंत्राला मोजायला मग काही उरत नाही. काकांच्या बाबतीत हे पुरेसं होतं, कारण काकांच्या श्वासाखाली दुसरं काही नव्हतंच. बाईंच्या श्वासाखाली बाई होत्या. श्वास घ्या म्हटलं की घ्यायचा, सोडा म्हटलं की सोडायचा, याची कवायत त्यांनी जन्मभर केली होती. हिरवा होणं त्यांना अवघड नव्हतं.

"थोडं दुखेल," शरयू त्यांना म्हणाली. "दुखलं की हात वर करा. त्या थांबतील."

बाईंना हात होते. त्यांनी तो पुन्हा पुन्हा वर केला आणि दर वेळी डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. दिवा शेवटपर्यंत लाल राहिला. दाढ निघाली तेव्हा शरयूच्या हातावरची पकड सैल झालेली होती.

बाई कापूस दाबून बाकावर बसल्या. डॉक्टर खाडे शरयूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्या नावावर आज लाल नोंद पडली. वरून विचारणा होईल."

"सॉरी, मॅडम."

"अगं, सॉरी काय! आधी मलाही कळायचं. समोरचा नुसताच गप्प बसलाय की खरंच शांत झालाय, ते. मग मी दिव्याकडे बघायला लागले. हिरवा आहे ना, मग पुढे चला." त्या हातमोजे काढत होत्या. "आता मला दुसरं काही बोलताच येत नाही. घरी मुलगा पडून रडत आला तरी तोंडातून तेच निघतं, छान, अगदी छान. परवा तो म्हणाला, आई, तू असं बोलू नकोस. ते जाऊ दे, तू परत बसणार आहेस परीक्षेला?"

"ठरवलं नाही अजून."

"तू आज बोललीस तशी बोललीस, तर परत पडशील."

"आणि लय म्हटली तर?"

"तर नंबर लागेल," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला वळल्या.

खोलीवर येऊन शरयू काकांसमोर बसली. मोबाइलवर नावनोंदणीचं पान उघडंच होतं. तिने चिमटा उचलला. काकांचे डोळे विस्फारले. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती लय मोठ्याने म्हटली. सगळं तिला नीट येत होतं. क्लासमध्ये भिंतीपलीकडच्या पोरांकडून ऐकून ऐकून ते कानात बसलंच होतं. काकांच्या खांद्यावरचा दिवा पहिल्या वाक्याला पिवळा, दुसऱ्याला हिरवा. काकांनी डोळे मिटले. एवढं सोपं होतं तर! शरयूला आनंद झाला नाही. तिला भीती वाटली, आणि खोलीत ते कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं.

न बसावं, तर जतला जाऊन आईला पार्लरमध्ये मदत करावी. बाईंसारखी माणसं खुर्चीत बसत राहतील, दिवे हिरवे होत राहतील. बसावं, तर आधी डॉक्टर खाडे व्हावं लागेल. तिने चिमटा खाली ठेवला. मग तिने 'होय' वर बोट टेकवलं आणि जिना उतरून खाली गेली.

बाई ओट्यावर गालाला बर्फ लावून बसल्या होत्या. सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

"बाई, मी परत बसतेय," शरयू म्हणाली. "लय म्हणूनच बसणार. त्याशिवाय आत घेत नाहीत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. अर्धं तोंड अजून बधिर होतं.

"आत गेल्यावर मी वेगळं बोलेन असं आज वाटतंय. डॉक्टर खाड्यांनाही वाटलं असेल. पण रोज रोज तेच बोलून एक दिवस माझ्यासमोर कुणीतरी मुकाट घाबरून बसलेलं असेल, दिवा हिरवा असेल आणि मी पुढे चला म्हणेन." तिने बाईंचा हात धरला. "मला कळेनासं झालंय, हे त्या दिवशी मला कसं कळणार, बाई?"